मीठ मिठाच्याच पाण्यात धुतात

(दृश्य: शिरोड्याचं मिठागर. भरतीचं पाणी चरातून आत शिरतंय.)

या पाण्याच्या एका लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार आहेत. दिसत मात्र काहीच नाही. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. मिठातले धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड यांना हे रेणू वेगळं करतात आणि चहूबाजूंनी वेढून ठेवतात. अर्थात, वेढायला पुरेसं पाणी आहे तोवरच.

(दृश्य: एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडलेलं पाणी.)

उन्हावाऱ्यानं पाणी आटत जातं. आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम. पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं, की मीठ धरू लागतं. १०० ग्रॅम पाण्यात मीठ मावतं जेमतेम ३६ ग्रॅम. उकळत्या पाण्यातही ३९च. साखरेचा कढत पाक निवला की खडीसाखर धरते. मिठाला ती सवलत नाही. त्याच्यासाठी पाणी उडूनच जावं लागतं.

(दृश्य: पाण्यावर तरंगणारे चौकोनी स्फटिक, अगदी जवळून.)

पाणी उडतं वरून, म्हणून स्फटिकही वरच धरतात. कडा भराभर वाढतात, मधला भाग मागे पडतो आणि असा खोलगट आकार तयार होतो. जड झाला की बुडाला.

(दृश्य: फळीनं ओढलेलं मीठ त्याच पाण्यात खळबळून काढताना.)

आता इथे नीट बघा. चिखल लागलेलं मीठ ही मंडळी पाण्यातच धुताहेत, आणि ते विरघळत नाही! कारण वाफ्यातलं पाणी आधीच मिठानं तुडुंब आहे, त्यात आणखी कण मावत नाही. चिखल जातो, दाणा राहतो. शाळेत संपृक्त द्रावणाची व्याख्या घोकून घेतात. त्यापेक्षा मुलांना एक दिवस इथे आणलं तर? या कामाला अजूनही अडाण्यांची मजुरी समजतात, याचं नवल वाटतं.

शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. कोकणातली बरीच मिठागरं आता बंद पडली आहेत.

(दृश्य: मिठाचा ढीग, तळाशी झिरपणारं पाणी.)

ढिगातून निथळतंय ते कडू पाणी, मॅग्नेशियमच्या क्षारांचं. हवेतला ओलावा ओढतात ते हेच क्षार; पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते मुख्यतः यांच्यामुळे. मीठ ओढून झालं की वाफ्यात मागे उरलेलं कडू पाणीही वेळीच बाहेर काढावं लागतं, नाहीतर पुढचं पीक कडवट उतरतं.