बर्फाखाली माणूस गाडला गेला, तर पहिली पंधरा मिनिटं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आपल्या पुण्यात आळंदी रोडला, दिघीत, ग्रेफ सेंटर आहे. बीआरओ, म्हणजे सीमाभागात रस्ते बांधणारी सरकारी संघटना, तिच्या रस्त्यांवर काम करणारी पोरं इथं तयार होतात आणि पुढे लडाख, उत्तराखंड, अरुणाचलला जातात. पुण्यातले ट्रेक लीडरही हिमालयात असतात. आजचा व्हिडिओ या सगळ्यांसाठी.

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा गावापाशी हिमस्खलन झालं. बीआरओच्या कामावरचे ५४ मजूर अडकले, त्यातले ८ गेले. जे वाचले, त्यांतले बरेचसे लोखंडी कंटेनरमध्ये होते. आत हवा शिल्लक राहिली म्हणून तगले. उघड्यावर गाडल्या गेलेल्याला ती सवलत नसते. साधारण पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण जगतात. अर्धा तास उलटला की बहुतेक जण जातात, गुदमरून. एवढ्यात हेलिकॉप्टर येणार कुठून? शेजारी काम करणारा माणूसच काय ते करणार.

म्हणून या तीन वस्तू. ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र; प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी; आणि फावडं.

(ट्रान्सीव्हर कॅमेऱ्यासमोर धरून) हा छातीशी बांधायचा, जॅकेटच्या आत, सतत सिग्नल पाठवत ठेवायचा. मोबाइल त्याच्यापासून लांब. जगभर सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असो. अपघात झाला की वाचलेल्या प्रत्येकाने तो शोधण्याच्या मोडवर टाकायचा. एकजण जरी विसरला, तरी सगळे त्याच्याच मागे धावतात! यंत्रावरचा बाण दाखवेल तसं जायचं, मीटरमधल्या अंतराचा आकडा कमी होत जातो. तीनच्या आसपास आला की धावणं बंद. खाली वाकायचं, यंत्र बर्फाला टेकवल्यासारखं धरायचं, हळूहळू सरकवायचं आणि ते फिरवायचं नाही. इथंच घाई होते. सगळ्यात लहान आकडा जिथं, तिथून प्रोब खुपसायला सुरुवात. उताराला काटकोनात, गोल गोल बाहेर जात, दर वेळी वीतभर अंतरावर. माणसाला लागलं की प्रोब तिथंच ठेवा, उपसू नका.

आता खणायचं. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खाली खणू नका, गाडलेल्याच्या वरची हवा तुम्हीच दाबून टाकाल. उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरा. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं घट्ट होतं, त्यामुळे खरा वेळ खातं ते खणणंच. प्लॅस्टिकचं फावडं मोडतं, धातूचंच घ्या. आधी तोंड आणि छाती मोकळी करा.

मुळात गाडलं जाऊच नये, त्यासाठी वर बघायला शिका. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. रस्त्यावरचा मजूर सपाटीला असतो, म्हणून त्याला वाटतं आपण सुरक्षित. पण उतार त्याच्या डोक्यावर असतो. ताजा बर्फ पडलाय, वाऱ्याने एका बाजूला साठवलाय, पायाखाली 'धप्प' असा आवाज आला किंवा तडा सरकत गेला, तर मुकादम काहीही म्हणो, तिथून निघा. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज सकाळी कामावर वाचून दाखवले गेले पाहिजेत, हे माझं ठाम मत. ट्रान्सीव्हरही साहेबाइतकाच रोजंदारीवरच्या माणसाला मिळायला हवा.

सरावाला बर्फच लागतो असं नाही. वेताळ टेकडीवर एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून गवतात लपवा आणि मित्राला घड्याळ लावून शोधायला सांगा. पुढे मनाली किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत रीतसर कोर्स करा. तुमच्या घरातलं कुणी अशा कामावर निघालं असेल, तर आज संध्याकाळच्या फोनवर एवढंच विचारा: तुला ट्रान्सीव्हर दिलाय का, आणि तो चालवून बघितलास का?