शुक्रवार कुणाचा? टेक्सासच्या शालेय फुटबॉलची नोंदवही

(दृश्य : रात्रीचं मैदान, उंच खांबांवरचे दिवे, भरलेली बाकं)

टेक्सासात शाळांच्या फुटबॉलचा वार ठरलेला आहे : शुक्रवार. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. अकरा-अकरा खेळाडू, लांबट चेंडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; नाही जमलं, तर चेंडू समोरच्यांकडे.

टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था, युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, १९२० च्या मोसमापासून राज्य विजेता ठरवते. पहिलीच अंतिम लढत ०-० अशी सुटली आणि क्लेबर्न व ह्यूस्टन हाइट्स यांना विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. पुढे बरोबरीवर तोडगा निघाला : समोरच्याच्या २० यार्ड रेषेच्या आत कोण जास्त वेळा शिरलं, ते मोजायचं. १९५४ ते १९५७ दरम्यान सलग ४९ सामने जिंकणारं ॲबिलीन याच नियमात अडकलं. उपांत्य सामन्यात हायलंड पार्कशी २०-२० बरोबरी झाली, आणि न हरताच ॲबिलीन स्पर्धेबाहेर गेलं.

(दृश्य : शुगर लँडचा जुना साखर कारखाना)

ह्यूस्टनलगतचं शुगर लँड आज तिकडच्या मराठी घरांना चांगलं ठाऊक आहे. १९५३ साली ते साखर कारखान्याभोवती वसलेलं छोटं गाव होतं. तिथल्या केन हॉलने त्या मोसमात १२ सामन्यांत चेंडू घेऊन ४,०४५ यार्ड धाव घेतली. ह्यूस्टन लुथरनविरुद्ध त्याने चेंडू घेऊन धाव घेतली फक्त ११ वेळा, आणि यार्ड झाले ५२०. भागाकार करून पाहा : दर वेळी ४७ यार्ड, जवळजवळ अर्धं मैदान! शालेय कारकिर्दीतले त्याचे एकूण ११,२३२ यार्ड हा राष्ट्रीय विक्रम २०१२ पर्यंत टिकला. मग फ्लोरिडाच्या डेरिक हेन्रीने तो मोडला. समोरचे संघही छोट्या शाळांचे होते, हे खरं. पण आघाडी वाढली की हॉलला बाहेर बसवत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

(दृश्य : ह्यूस्टन, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाचा दिवस, जुनी छायाचित्रं)

या नोंदवहीत एक अख्खी लीगच नव्हती. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना यूआयएलची दारं बंद होती. त्यांची प्रेअरी व्ह्यू लीग वेगळी. शुक्रवारी मैदान गोऱ्या शाळांकडे, म्हणून यांचे सामने बुधवारी नाहीतर गुरुवारी. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे टेंपलचा जो ग्रीन आणि बोमाँटचा बबा स्मिथ इथेच घडले. ह्यूस्टनमध्ये थँक्सगिव्हिंगला जॅक येट्स आणि फिलिस व्हीटली या शाळा भिडायच्या. लोक ठेवणीतले कपडे घालून यायचे, गर्दी ३०,००० च्या वर जायची. एवढ्या डोळ्यांदेखत झालेले पराक्रम मुख्य यादीबाहेर राहिले, याइतकं बोचणारं या इतिहासात दुसरं काही नाही.

१९६७ च्या मोसमापासून या शाळा यूआयएलमध्ये उतरल्या. १९८५ मध्ये येट्सने सोळाच्या सोळा सामने जिंकले. अंतिम लढतीत समोर ओडेसाचं पर्मियन होतं.

(दृश्य : गुणफलक)

निकाल, ३७-०.