फांग न्गा उपसागर: भरती-ओहोटीने आखलेला दिवस

थायलंडच्या दक्षिणेस, फुकेत बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये अंदमान समुद्राचा एक उथळ भाग आत शिरला आहे. हा फांग न्गा उपसागर. १९८१ साली त्याचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि २००२ साली रामसर करारान्वये त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात जमिनीपेक्षा पाणीच कितीतरी अधिक आहे, आणि त्या पाण्यातून चुनखडीची चाळीसहून जास्त लहान-मोठी बेटे सरळसोट कड्यांनिशी वर आली आहेत.

सहलीच्या मोठ्या बोटी येथे रोज ठरलेल्या वेळी येतात आणि ठरलेल्या वेळी परततात. त्यांतून जाणाऱ्याला सगळी नामांकित ठिकाणे दिसतात. मात्र तेथे पोहोचेल तेव्हा पाणी किती असेल, हे त्याच्या नशिबावर असते. खासगी बोट भाड्याने घेणे ही बहुतेकांना चैन वाटते, आणि गुबगुबीत गाद्या नि बर्फात ठेवलेली शीतपेये यांच्या जाहिराती पाहिल्या तर तसे वाटण्यात काही नवल नाही. पण या उपसागरात खासगी बोटीचा खरा उपयोग वेगळाच आहे. निघण्याची वेळ आणि थांब्यांचा क्रम तिच्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी जुळवता येतो, आणि येथील समुद्रगुहा त्या वेळापत्रकाखेरीज दुसरे कोणतेही वेळापत्रक मानत नाहीत.

फांग न्गा शहराच्या बाजूने निघाल्यास सुराकुलसारख्या धक्क्यावरून लाकडी लाँगटेल बोट मिळते. ट्रकच्या किंवा मोटारीच्या इंजिनाला एक लांब दांडा जोडलेला असतो आणि दांड्याच्या टोकाला पंखा असतो. हे सगळे वजन बोटीच्या मागच्या भागात एका खुंटावर तोललेले असल्याने वेगळे सुकाणू लागत नाही. नावाडी दांडा हाताने वळवून दिशा धरतो आणि पाणी फारच उथळ झाले की पंखा अलगद वर उचलून घेतो. बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या उंच टोकाला, रंगीत कापडाचे पट्टे आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतात. ते बोटीचे रक्षण करणाऱ्या ‘मे या नांग’ नावाच्या देवतेसाठी असतात, म्हणून छायाचित्राच्या हौसेपायी नाळेवर पाय देऊन उभे राहिलेले नावाड्याला मुळीच रुचत नाही. इंजिनाचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशीही खुणांनीच बोलावे लागते.  

सुरुवातीचा रस्ता कांदळवनातून जातो. दोन्ही बाजूंना चिखलातून कमानीसारखी निघालेली मुळे, त्यांच्या बुंध्याशी उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या मासळ्या, आणि एक नांगी दुसरीपेक्षा भलतीच मोठी असलेले लहान खेकडे, हे सगळे ओहोटी असेल तरच नजरेस पडते. खेकडे शोधत खाली उतरणारी लांब शेपटीची माकडेही त्याच वेळी दिसतात. त्यांना खायला घालू नये. खाऊ घातलेली माकडे पुढच्या बोटीवर सरळ झडप घालतात. नद्यांनी आणलेला गाळ या वनात अडतो खरा, पण बराचसा उपसागरात पसरतो, म्हणूनच येथील पाणी निळे नसून गढूळ हिरवे आहे. पोवळी आणि रंगीत मासे पाहायचे असतील तर दक्षिणेकडच्या मोकळ्या समुद्रातल्या बेटांवर जावे. येथे पाण्याखाली पाहण्यासारखे फारसे नाही. येथे जे आहे ते पाण्याच्या वर आणि दगडाच्या आत आहे.

हा दगड पर्मियन काळातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचत गेले, दाबाखाली त्यांची चुनखडी झाली, आणि पुढे भूकवचाच्या हालचालींत ती उचलली गेली, वाकली, तडकली. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि अशा पाण्यात चुनखडी विरघळते. तडा जितका खोल, तितके पाणी आत जाते आणि तितकीच ती फट रुंदावते. आपण ज्यांना बेटे म्हणतो ती मुळात टेकड्याच आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, तेव्हा हा सारा उपसागर कोरडा होता आणि या टेकड्यांच्या मधून माणसाला पायी हिंडता आले असते. बर्फ वितळला, समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या आणि माथे तेवढे वर राहिले.

एखाद्या कड्याजवळ बोटीचे इंजिन बंद करायला लावून पाण्याच्या रेषेकडे नीट पाहावे. कड्याला तळाशी आडवी खाच पडलेली दिसते, कोठे हातभर तर कोठे माणूस आडवा मावेल एवढी खोल. लाटांच्या माऱ्याने ती झाली असे वाटते, पण आतला उपसागर बराच शांत आहे आणि लाटांचे काम येथे दुय्यम आहे. दगड पोखरणारे शिंपले, खरवडून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, भोके पाडणारे स्पंज आणि जोडीला पाण्याची विरघळवण्याची क्रिया, अशा सगळ्यांनी भरती आणि ओहोटी यांच्या मधला पट्टा कुरतडला आहे. खाचेच्या छताला कालवांची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांची, करवतीसारखी धार असते. आजच्या भरतीरेषेच्या बरीच वर, जेथे आता पाणी कधीच पोहोचत नाही अशा उंचीवर, काही कड्यांना दुसरी, जुनी खाच आणि तिच्यात चिकटून राहिलेली कालवांची मृत कवचे सापडतात. काही हजार वर्षांपूर्वी येथील समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता, याचा हा पुरावा साध्या डोळ्यांनी वाचता येतो.

थाम लोद हा टेकडीच्या आरपार गेलेला बोगदा आहे. छतातून लोंबणाऱ्या लवणस्तंभांच्या खालून बोट एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. खाओ खियानच्या कड्यावर माणसे, मासे आणि इतर प्राणी यांची प्रागैतिहासिक चित्रे आहेत. ती बोटीतूनच पाहता येतात आणि डोळे उन्हाला सरावल्याशिवाय नीट दिसत नाहीत. या दोन्ही ठिकाणी फार वेळ मोडण्याचे कारण नाही, कारण दिवसाचा खरा भाग पुढे आहे.

को पानाक, को हाँग यांसारखी काही बेटे बाहेरून भरीव दिसतात, पण आतून पोकळ आहेत. वरून पावसाच्या पाण्याने आणि बाजूने समुद्राने दगड खाल्ला, आत गुहा झाली, ती वाढता वाढता तिचे छत कोसळले आणि चारही बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेली, वर आकाशाला उघडी अशी जागा तयार झाली. स्थानिक लोक अशा जागेला हाँग म्हणतात. आत जाण्याचा मार्ग म्हणजे कड्याच्या पायथ्याशी उरलेली जुनी गुहा. इंजिनाची बोट तेथून जाऊ शकत नाही, म्हणून हवा भरलेल्या रबरी कनूमधून वल्हे मारत जावे लागते.

येथे पाण्याची उंचीच दरवाजा उघडते आणि बंद करते. पूर्ण भरतीला गुहेचे छत पाण्याला टेकते आणि वाट मुळी दिसतच नाही. पूर्ण ओहोटीला छत उंच असते, पण तळाला चिखल आणि कालवांनी भरलेले दगड उघडे पडतात व कनू पुढे सरकत नाही. मधली काही मिनिटे, फार तर तास-दीड तास, वाट मोकळी असते. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो. पाणी सारख्या गतीने चढत किंवा उतरत नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ओहोटीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण फरकाचा जेमतेम बारावा हिस्सा उतरतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मे पाणी निघून जाते आणि शेवटी पुन्हा गती मंदावते. म्हणजे गुहेची वाट ज्या मधल्या पातळीला खुली असते, त्याच पातळीवर पाणी सर्वांत झपाट्याने बदलत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही संधी झटकन निसटते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढ-उतार कमी असल्याने ती अधिक वेळ टिकते. म्हणूनच बोट ठरवताना पैशांची घासाघीस करण्याआधी तारीख आणि त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा पाहाव्यात, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट अनुभवी वल्हेकरी पाळतात. पाणी उतरत असताना आत गेले आणि उशीर झाला, तर फार तर चिखलात उतरून कनू ओढत आणावी लागते. पाणी चढत असताना आत गेले आणि उशीर झाला, तर छत खाली येऊ लागते आणि आतच अडकून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी लागते. त्यामुळे वल्हेकरी "चला" म्हणाला की निघावे. एका छायाचित्रासाठी पाच मिनिटे मागू नयेत.

गुहेत शिरताना तो प्रवाशाला कनूत उताणे झोपायला सांगतो. कपाळापासून वीतभर अंतरावरून ओला दगड मागे सरकत जातो आणि कालवांच्या धारा इतक्या जवळ येतात की हात कनूच्या कडेवर ठेवायचीही मनाई असते. पाण्याचा डुचमळण्याचा आवाज छतावर आदळून दुप्पट मोठा ऐकू येतो, वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प नाकात भरतो, आणि विजेरीच्या उजेडात त्यांचे घोसच्या घोस क्षणभर दिसतात. मग पुढे उजेडाचा तुकडा दिसतो आणि कनू बाहेर पडते. जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून वर पाहावे, तसे आकाश चार बाजूंनी कापल्यासारखे दिसते. खाली गुडघाभर पाण्यात कांदळ उगवलेले असतात, कड्यांच्या फटींतून केवडा आणि वडाच्या जातीची झाडे लोंबतात, आणि वारा आत पोहोचत नसल्याने पाण्यावर तरंगही उठत नाही. येथे मोठ्याने ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह आवरावा. वटवाघळे आणि पक्षी यांच्यासाठी ही रोजची राहती जागा आहे.

याच बेटांतल्या काही गुहांच्या तोंडाशी बांबूचे मचाण आणि पहारा दिसतो. पाकोळीच्या एका जातीचे पक्षी आपल्या लाळेची घरटी आत बांधतात. त्या घरट्यांच्या सुपाला चिनी स्वयंपाकात मोठी किंमत येते, म्हणून ती काढण्याचे हक्क ठेक्याने दिले जातात. अशा गुहांकडे बोट वळवू नये.

खाओ फिंग कान येथे सर्वच बोटी थांबतात. समोर पाण्यात को तापू हा सुमारे २० मीटर उंचीचा, वर रुंद आणि खाली निमुळता झालेला सुळका उभा आहे. १९७४ सालच्या जेम्स बाँडच्या एका चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले आणि तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. मघाशी पाहिलेल्या खाचेनेच या सुळक्याचा तळ बारीक केला आहे; तो जपण्यासाठी १९९८ पासून बोटींना त्याच्या जवळ जाण्यास बंदी आहे. समोरच्या लहानशा पुळणीवर स्मृतिवस्तूंची दुकाने दाटीने मांडलेली आहेत. दहा मिनिटे पुरतात.

को पान्यी हे गाव मात्र घाईने उरकू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस मलय वंशाच्या दर्यावर्दी मुस्लिम कुटुंबांनी एका उंच खडकाच्या आडोशाला पाण्यात खांब रोवून ते वसवले असे सांगितले जाते. जमीन जवळपास नाहीच, म्हणून घरे, शाळा, बाजार सगळे खांबांवर उभे आहे. १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकाने वेडावलेल्या येथील मुलांनी जुन्या फळ्या जोडून तरंगते मैदान तयार केले होते. चेंडू पाण्यात गेला की खेळाडूही पाण्यात. दुपारी जेवणाच्या वेळी धक्क्याजवळची उपाहारगृहे सहलींच्या बोटींनी भरून जातात. आपली बोट असेल तर दोन तास उशिरा यावे, अंग झाकणारे कपडे घालावेत आणि उपाहारगृहांच्या मागच्या गल्ल्यांत जावे. तेथे जाळी विणली जातात, मासळी वाळवली जाते आणि ओहोटीच्या वेळी फळ्यांच्या फटींतून खालचा चिखल दिसतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा येथला कोरडा हंगाम. मे ते ऑक्टोबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. फुकेत बेटाच्या आडोशामुळे आतला उपसागर तेव्हाही बऱ्याच दिवशी शांत असतो, पण बाहेरचा समुद्र तसा नसतो. ५ जुलै २०१८ रोजी, हवामानाचा इशारा दिलेला असताना निघालेली एक पर्यटक बोट फुकेतजवळ वादळात बुडाली आणि ४७ जण मृत्युमुखी पडले. नावाड्याने आज नको म्हटले तर जादा पैसे देऊन त्याचे मन वळवू नये, आणि लाइफ जॅकेट अंगात घालावे, बुडाखाली घेऊ नये. खासगी बोट म्हणजे हवे तेथे जाण्याचा परवानाही नव्हे. फी फी बेटांतला माया उपसागर प्रवाळाच्या नुकसानीमुळे २०१८ साली बंद करण्यात आला आणि २०२२ साली पुन्हा उघडला, तेव्हापासून तेथे एकाही बोटीला आत शिरू दिले जात नाही.

परतीच्या वेळी पाणी उतरलेले असेल तर सकाळची कांदळवनातली अरुंद वाट टाळून बाहेरचा लांबचा मार्ग धरावा लागतो, आणि तेवढा वेळ दिवसाच्या आखणीत आधीच राखून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही हीच सहल करायची असेल, तर नावाड्याला सकाळी सुमारे ५० मिनिटे उशिरा निघण्यास सांगावे, कारण भरती रोज साधारण तेवढीच पुढे सरकते.