दोर एकाच्याच हातात

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील सांगलीचे. कृष्णेत, सरकारी घाटावर पोहायला शिकले. कमरेला पत्र्याचा डबा, डब्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकांच्या हातात. घाटावर माणसं पुष्कळ असायची, पण दोर धरणारा एकच. त्याला कुणी हाक मारली तरी तो मान वळवत नसे.

हे मला तीन वर्षांपूर्वी नव्यानं आठवलं. आमच्या वस्तीचा पोहण्याचा संघ आहे. सहा ते सोळा वर्षांची पोरं, सर एकटेच. त्या संध्याकाळी सर मोठ्या पोरांच्या पोहण्याच्या वेळा घड्याळावर मोजत होते. आम्ही पाच-सहा आया काठावर गप्पा मारत उभ्या. एक सहा वर्षांची मुलगी लेनची दोरी धरत धरत खोल बाजूला गेली आणि तिचा हात सुटला. ती ओरडली नाही, तिनं पाणीही उडवलं नाही. तोंड आभाळाकडे, केस डोळ्यांवर, पाण्याखाली हात शिडी चढल्यासारखे हलत होते. आठवीतल्या मुलीनं पाहिलं म्हणून ती वाचली. आम्ही सगळ्याच तिथं होतो, आणि बघत एकही नव्हती.

बुडणाऱ्याला श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, हाक कुठून मारणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतला जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा होता.

त्यानंतर आम्ही एक शिट्टी आणली. ती ज्याच्या गळ्यात, त्यानं पंधरा मिनिटं फक्त पाण्याकडे बघायचं. मोबाईल पिशवीत. पाळी बदलताना शिट्टी हातात द्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "आता तुमच्याकडे." समोरच्यानं "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. सुरुवातीला संकोच वाटला. आता पोरंच आठवण करतात.

मोठ्या मुलांवर किती सोपवायचं, यावर मात्र आमचे बरेच वाद झाले. माझं मत ठाम आहे. तेरा-चौदा वर्षांचं पोर स्वतःच अजून लेकरू आहे. पाण्यावरची नजर मोठ्या माणसाचीच हवी. त्या मुलीनं त्या दिवशी जे केलं, ते तिचं काम नव्हतं, ते आमचं होतं. पण काठावर मोठी मुलं फार मोलाची. प्रत्येक लहानग्याला एक ताई किंवा दादा ठरलेला. टोपीत केस कोंबून देणं, गॉगलचा पट्टा सैल करणं, ओठ निळे पडले की टॉवेलात गुंडाळणं. स्पर्धेच्या दिवशी हीटचा, म्हणजे कितव्या तुकडीत पोहायचं त्याचा, आणि लेनचा आकडा लहानग्याच्या मनगटावर पेननं लिहायचा आणि नाव पुकारलं की हात धरून न्यायचं. आईनं दहादा सांगून न ऐकणारं पोर दादाचं एका शब्दात ऐकतं.

कपडे बदलायच्या खोलीचाही नियम आहे: कुणाही एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर आत थांबायचं नाही. त्यात कुणावर संशय नाही, सगळ्यांनाच लागू आहे.

गेल्या महिन्यात एका मुलाचे आजोबा म्हणाले, "मला पोहता येत नाही, मी कशाला शिट्टी घेऊ?" सर म्हणाले, "आजोबा, तुम्ही उडी मारायची नाहीये. बघायचं, वाजवायची, आणि हा बांबू पुढे करायचा. पाण्यात मी उतरतो." आता दर मंगळवारी सव्वापाचची पाळी आजोबांची असते. ते खुर्ची घेत नाहीत, उभेच राहतात.