पाचगणीच्या पावसात बॉक्सवुड

[दृश्य : टेबललँडवरून उतरणारं धुकं. बंगल्याच्या पायऱ्यांलगत हिरवी, बुटकी हेज.]

निवेदन :
सातारा जिल्ह्यातली पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर. हवा गार, म्हणजे युरोपातलं बॉक्सवुड, हेजसाठी लावतात ते सदाहरित झुडूप, इथे सहज जगेल, असं वाटतं. पण इथे त्याचा जीव घेतो तो पाऊस. त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात आणि पाणी साचलं की कुजतात. पानं पिवळी पडली की घरची माणसं काळजीनं आणखी पाणी घालतात, आणि रोप हातचं जातं.

म्हणून लावण उंच वाफ्यावर करावी, रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा बोटभर वर ठेवून. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. बॉक्सवुडला मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ मानवतो. माती तपासूनच चुना टाकावा. बुंध्याशी खुरपं नको. पाचोळा पसरावा, पण खोडाला टेकवू नये.

[दृश्य : माळीमामा फांद्या बाजूला सारून झुडपाचं पोट दाखवतात.]

खरं कौशल्य कटिंगमध्ये आहे. नुसती वरून कात्री फिरवत राहिलं, की बाहेर पानांचं दाट कवच तयार होतं आणि आत सगळ्या काड्या उघड्या. ओल तिथेच अडकते, बुरशी तिथूनच सुरू होते. मामा आधी हात आत घालून काही फांद्या मुळापर्यंत नव्हे, पण चांगल्या खोलवर काढतात. उजेड आत गेला की आतूनही पालवी फुटते. हेज खाली रुंद, वर थोडी निमुळती ठेवायची, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. हे सगळं कोरड्या दिवशी. ओल्या पानांवर कात्री चालवली तर रोग झाडाझाडांवर पसरतो.

वाढ वर्षाला काही इंचच. तेवढं थांबायची तयारी हवी. या संथपणामुळेच लाकूड घट्ट होतं. हिमालयातल्या याच्या भाऊबंदाच्या लाकडाच्या फण्या आणि चमचे राजौरीत आजही करतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची : छाटलेला पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नका. तो विषारी आहे.

आणि घर खाली सातारा शहरात, दिवसभर उन्हात असेल, तर कुंती लावा, जिला नर्सरीत कामिनी म्हणतात. ती छाटणी सोसते, आपल्या हवेत रुळलेली आहे, आणि पांढऱ्या फुलांचा वासही देते. बॉक्सवुडच हवं असेल, तर पूर्वेच्या भिंतीलगत, दुपारची सावली मिळेल अशा जागी, तळाला भोकं असलेल्या मोठ्या कुंडीत लावा.