पाषाणमधला कोड आणि दिल्लीची हवा

हिवाळा आला की टीव्हीवर तेच दिसतं बघा, दिल्लीच्या सीमेवर अडवलेले ट्रक, बंद पडलेली बांधकामं, मास्क लावून निघालेली पोरं. पण हे निर्णय ज्या अंदाजावर घेतात तो तयार करण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे, पाषाणच्या आयआयटीएमचा, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा. 2022 मध्ये दिल्लीचा ग्रॅप नावाचा, प्रदूषण वाढेल तसे निर्बंध लावणारा आराखडा बदलला, आणि तेव्हापासून हवा बिघडायची वाट बघत न बसता पुढच्या दिवसांचा अंदाज बघून आधीच पावलं उचलायची असं ठरलं. हा अंदाज हवामान खातं आणि आयआयटीएम देतात.

आता अंदाज म्हणजे काय, तर एक अवाढव्य प्रोग्राम, नाव डब्ल्यूआरएफ-केम, आणि तो बहुतांश फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. हो, तीच 1957 ची फोरट्रान, कारण लाखो आकड्यांच्या अ‍ॅरेवर एकसारखी गणितं करायची तर ती आजही मागे पडत नाही. आजूबाजूचं काम, म्हणजे डेटा गोळा करणं, साफ करणं, नकाशे काढणं, ते पायथन या दुसऱ्या भाषेत चालतं.

हवेचे चौकोन पाडायचे, त्यावर थरावर थर, आणि प्रत्येक कप्प्यात वारा किती, तापमान किती, ओझोन, धूळ, काजळी किती याचा हिशोब ठेवायचा. दिल्लीसाठी हा चौकोन 400 मीटरपर्यंत बारीक केलाय. बारीक केला की चित्र चांगलं दिसतं, पण वेळेची पावलंही तितकीच बारीक टाकावी लागतात, नाहीतर एका पावलात वारा कप्पा ओलांडून पुढे जातो आणि गणित फुटतं. ही अट कुरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी 1928 मध्येच मांडून ठेवलीये. ढोबळ नियम असा की चौकोन जितक्या किलोमीटरचा त्याच्या सहापट सेकंदाचं पाऊल, म्हणजे 10 किलोमीटरला 60 सेकंद, आणि 400 मीटरला जेमतेम 2.4 सेकंद. एका दिवसाचा अंदाज काढायचा तर 36,000 पावलं झाली, आणि त्यात रसायनशास्त्र वेगळंच, कारण काही रेणू सेकंदाच्या आत संपतात तर काही दिवसेंदिवस टिकतात, दोघांना एकाच गणितात सांभाळायचं. म्हणून सुपरकॉम्प्युटर लागतो. नकाशाचे तुकडे करून हजारो प्रोसेसरना वाटतात, आणि प्रत्येक तुकडा आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला सतत देत राहतो.

पण मला विचाराल तर खरी कसोटी याच्याही आधी लागते, इनपुट फायली बनवताना. एकच गोष्ट जवळून बघू, घड्याळ. मॉडेल, म्हणजे हाच प्रोग्राम, चालतं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी 9 ला दिल्लीत गाड्यांची गर्दी होते तेव्हा मॉडेलच्या घड्याळात साडेतीन वाजलेले असतात, आणि गाड्यांचा धूर सांगणाऱ्या फायली बहुतेक वेळा दर तासाच्या, 3 ची एक, 4 ची एक, मग ही गर्दी दोन फायलींमध्ये नीट वाटून द्यावी लागते. हे कुणी केलंच नाही असं समजा. सकाळी 9 चा धूर मॉडेलमध्ये दुपारी अडीचला सुटेल, आणि दुपारी ऊन असतं, जमिनीलगतची हवा उंच वर मिसळते, धूर पातळ होतो, म्हणजे अंदाज गुळगुळीत, बरा दिसेल. रात्री 8 चा धूर जाईल मध्यरात्री दीडला, जेव्हा हवेचा थर अगदी खाली दबलेला असतो, तिथे आकडा उगाच वर उडेल. आणि प्रोग्राम बंद पडणार नाही, एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, नकाशा सुंदरच दिसणार! हे पकडतो तो माणूस जो मोजणी केंद्राचा आलेख आणि मॉडेलचा आलेख एकमेकांवर ठेवून सकाळचं शिखर सरकलंय हे ओळखतो. युनिटचंही तसंच आहे, वायू मोलमध्ये आणि कण मायक्रोग्रॅममध्ये, चौकोनांची जाळी बदलल्यावर शहराचा एकूण धूर आधीइतकाच राहिला का हे दरवेळी बेरीज करून बघायचं. याला नुसतं डेटाचं काम म्हणून बाजूला सारतात ते मला अजिबात पटत नाही, हेच विज्ञान आहे, आणि शोधनिबंधावर या माणसाचं नाव वरच्या रांगेत हवं.

आणि मग येते ती पंजाब-हरियाणातली पराली, म्हणजे भातकापणीनंतर शेतात उरलेला आणि तिथेच जाळला जाणारा पेंढा. शेतातली आग सॅटेलाइटला दिसते, पण बारीक आगी टिपणारे सॅटेलाइट त्या भागावरून दिवसा जातात दुपारी साधारण दीडच्या सुमारास, चार वाजता लावलेली काडी त्यांना दिसतच नाही. शिवाय अंदाज द्यायचा उद्याचा आणि परवाचा, आणि उद्या कुठल्या शेतात आग लागेल हे आज कुणालाच माहीत नसतं. सोपी वाट म्हणजे आजच्याच आगी उद्याही धरायच्या, पण रात्री पाऊस झाला तर? किंवा कापणी एकदम उरकली तर? एका आगीतून किती धूर, तो किती उंच चढणार, किती तास चालणार, यातला प्रत्येक आकडा कुणीतरी विचार करून कोडमध्ये लिहिलेला असतो, आणि ऑक्टोबर उजाडला की तो पुन्हा तपासायला घ्यावा लागतो, कारण शेतकऱ्यांच्या कापणीच्या आणि काडी लावायच्या वेळा दरवर्षी त्याच राहत नाहीत.