शिळांच्या वाळवंटातली गोल वाट

(ठाण्यातील डोंगरभटक्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, ठाण्यात आणि नवी मुंबईत आज अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांतील मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे आणि आई-वडील हिवाळ्यात दोन-तीन महिने तिकडे जाऊन राहतात. येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर पहाटे नेमाने चालणारी ही मंडळी तिकडे गेली की बहुधा एखाद्या शनिवारी जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरतो. आज मी त्या एका दिवसाविषयी बोलणार आहे. सह्याद्रीत मुरलेल्या माणसाचा अंदाज तेथे सर्वाधिक दगा देतो तो गोल वाटेच्या मध्यावर, असे माझे म्हणणे आहे. ते पटावे म्हणून आधी तिथल्या भूमीची ओळख करून घेऊ.

मोहावे आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटे जेथे एकमेकांना भिडतात, तेथे हे उद्यान आहे. १९३६ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. थरावर थर, मध्ये माची, वर कडा, त्यामुळे कोठेही उभे राहिले तरी आपण किती चढलो आणि पाणी कोणत्या अंगाला उतरते हे डोळ्यांना समजते. तिथल्या शिळांचा खडक मात्र भूपृष्ठावर वाहिलेला नाही. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखाली खोलवर सावकाश निवाला आणि त्याचा ग्रॅनाइटच्या कुळातील मॉन्झोग्रॅनाइट झाला. वरचा भार झिजत गेला तशा त्यात आडव्या भेगा पडल्या. उभ्या आणि त्यांना छेदणाऱ्या भेगाही होत्याच, म्हणून खडकाचे ठोकळे झाले. हवामान आजच्याहून ओलसर असताना या भेगांत पाणी झिरपले. खडीसाखरेचा खडा तोंडात धरला की आधी कोपरे विरघळतात, कारण कोपऱ्याला तीन बाजूंनी ओल लागते. ठोकळे तसेच, जमिनीच्या पोटातच, गोल झाले. पुढे हवामान कोरडे पडले, वरची माती पुरांनी धुऊन नेली आणि धोंडे एकमेकांवर टेकून उघडे राहिले. हंपी पाहिलेल्यांना हे दृश्य अगदीच अनोळखी वाटणार नाही.

या घडणीचा चालणाऱ्याशी थेट संबंध आहे. धोंड्यांच्या अशा राशींना सोंड नसते, धार नसते, खिंड नसते. वीस पावलांवर उजवीकडे वळलो की मागची रास दिसेनाशी होते आणि पुढची तिच्यासारखीच दिसते. आपल्याकडे वाट चुकली तर ओढा धरून उतरावे, खाली वाडी लागते, असे जाणते लोक सांगत आले. तिथला कोरडा नाला कोणत्याही वाडीला जात नाही, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दूरवर पाऊस झाला तर त्याच नाल्यात अचानक लोंढा येतो. नाल्यातल्या भरड वाळूत पावलांचे ठसे भरपूर असतात, पण त्यांतले कितीतरी आपल्यासारख्याच भरकटलेल्यांचे असतात. वाट ओळखायची ती कडेने मांडलेल्या दगडांच्या ओळीवरून. आडफाट्यावर वाळक्या फांद्या किंवा दगड आडवे टाकलेले दिसले, तर ‘इकडे येऊ नका’ असा त्याचा अर्थ असतो. बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.

आता गोल वाटेकडे वळू. राजगडावर गेलो आणि दम संपला, तर आल्या वाटेने परतता येते. जितके लवकर परतू तितके चालणे वाचते. गोल वाटेवर हा हिशेब मध्यापर्यंतच लागू पडतो. मध्य ओलांडला की मागे फिरणे हेच लांबचे होते, आणि मध्य आला हे सांगणारे तेथे काहीच नसते. लॉस्ट हॉर्स ही सोन्याची जुनी खाण घ्या. खाणीपर्यंत जाऊन-येऊन सुमारे ४ मैल होतात, पूर्ण वळसा मात्र साडेसहा मैलांचा आहे. म्हणजे जवळच्या बाजूने खाणीशी पोहोचलेल्या माणसापुढे मागे २ मैल असतात आणि पुढे साडेचार. खाण हेच आपले ठिकाण होते, ते पाहून झाले, आता पुढे उतारच असेल, असे मन सांगते. त्या जागी मनाचे ऐकू नये, पाण्याच्या बाटल्या पाहाव्यात. अर्ध्याहून कमी पाणी उरले असेल, तर तेथूनच परतावे. उलट हिडन व्हॅलीचा वळसा जेमतेम १ मैलाचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तोच करावा, शिळा तेथेही तितक्याच भव्य आहेत.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ठाण्याच्या दमट हवेने आपल्याला एक सवय लावली आहे. येथे सदरा भिजला की आपण पाणी पितो. तेथे घाम येतो तसाच उडून जातो, सदरा कोरडा राहतो, फक्त पाठीवर मिठाचा पांढरा पट्टा उमटतो. तेव्हा घामाची किंवा तहानेची वाट न पाहता ठरलेल्या वेळाने प्यावे. उद्यानाची सूचना माणशी दिवसाला किमान ४ लिटरची आहे, आणि तिचा अर्थ पाठीवर ४ किलोचे ओझे असा होतो. नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातील मीठ उतरते, म्हणून सोबत खारे शेंगदाणे किंवा मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. गडावरच्या टाक्यांची तेथे आशा नको. बार्कर डॅम नावाचा जुना बांध आहे, गुरे राखणाऱ्यांनी सुमारे १९०० साली घातलेला. पण तो पुष्कळदा आटलेला असतो आणि असले तरी ते पाणी पिण्याचे नव्हे.

शिळांवर चढण्याचा मोह सर्वांनाच होतो. खडकाचे कण साखरेहूनही जाड असल्याने बूट घट्ट धरतात, चढणे सोपे वाटते. उतरताना पाय कोठे टेकायचा ते दिसत नाही आणि त्याच कणांनी तळहात सोलून निघतात. फुरशाच्या मुलुखातल्या माणसाला फटीत हात घालू नये हे वेगळे सांगायला नको. तेथे फुरशाच्या जागी रॅटलस्नेक असतो, एवढेच. चोया निवडुंगाचे कांड कपड्याला नुसते घासले तरी तुटून चिकटते. ते बोटांनी ओढू नये. कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवावे. कंगवा न्यायला सांगितले की सारे हसतात, पण मी तो पाण्याच्या खालोखाल महत्त्वाचा मानतो.

आणि घड्याळ. आपली मंडळी डिसेंबरात जातात, हवा सुखद असते, नाश्ता रेंगाळतो, उद्यानात पोहोचेपर्यंत दुपार होते. ठाण्यात तेव्हा सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेथे पावणेपाचच्या आतच मावळतो आणि थंडी लगेच उतरते. म्हणून लांबचा वळसा घ्यायचा असेल तर सकाळी नऊच्या आत पहिले पाऊल पडावे, आणि पिशवीत टॉर्च व स्वेटर असावाच. दुपारी एकला पोहोचणाऱ्यांसाठी हिडन व्हॅली आहे.